पार्किन्सन्सच्या रिसर्चला पैसे द्यायचेत? मग देण्याआधी एवढं बघून घ्या

बाबांचा चेक सही जुळत नाही म्हणून परत आला तेव्हा आम्ही त्यांच्यावरच चिडलो होतो, की जरा लक्ष देऊन सही करत जा ना. ते टेबलाशी बसून कागदावर परत परत सही करून बघायचे, पहिलं अक्षर एकदम व्यवस्थित यायचं आणि पुढची अक्षरं बारीक बारीक होत जाऊन शेवटी नुसती रेघ उरायची. पार्किन्सन्समध्ये, म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो त्यात, अक्षर असं लहान होत जातं हे आम्हाला कळलं त्याच्यानंतर दोन वर्षांनी. वास येणं तर त्याच्याही कितीतरी आधी गेलेलं, घरात काही जळत असलं तरी त्यांना पत्ता नसायचा, पण त्याचा मेंदूशी काही संबंध असेल हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

ते गेल्यावर आम्ही भावंडांनी ठरवलं की त्यांच्या नावाने काही रक्कम या आजाराच्या रिसर्चला द्यायची. ठरवलं एका संध्याकाळी आणि प्रत्यक्ष द्यायला लागले आठ महिने, कारण कुणाला द्यायची, नेमकी कशासाठी द्यायची, दिल्यावर पुढे काय होतं, हे नीट सांगणारं कोणी भेटेना. त्या आठ महिन्यांत जे वाचलं, लोकांना विचारलं आणि जिथे फसता फसता वाचलो ते सगळं इथे लिहितोय. रक्कम छोटी असो की मोठी, कामाला येईल.

पहिली गोष्ट, सेवा हवी की संशोधन ते घरात बसून ठरवा

पार्किन्सन्ससाठी काम करणाऱ्या बऱ्याच संस्था दोन्ही करतात. पेशंटसाठी व्यायामाचे वर्ग, हेल्पलाइन, घरच्यांना आधार हे एकीकडे आणि प्रयोगशाळेला ग्रँट दुसरीकडे. दोन्ही गरजेचं आहे, पण तुमच्या मनात रिसर्च असेल आणि तुम्ही फॉर्मवर काहीच लिहिलं नाही तर पैसे सर्वसाधारण फंडात जातात आणि मग ते कशावर खर्च झाले हे शोधता येत नाही. म्हणून देणगीच्या फॉर्मवर किंवा सोबतच्या मेलमध्ये स्पष्ट लिहायचं की ही रक्कम फक्त संशोधनासाठी आहे. काही संस्था मुळातच फक्त रिसर्चसाठी आहेत, तिथे हा प्रश्न येत नाही. अमेरिकेतली मायकल जे. फॉक्स फाउंडेशन २००० साली सुरू झाली, ती ज्या नटाच्या नावाची आहे त्याला स्वतःला १९९१ मध्ये, अगदी तरुण वयात, हा आजार निघाला होता. ब्रिटनमधली क्युअर पार्किन्सन्स ही २००५ मध्ये चार जणांनी काढली आणि ते चारही जण स्वतः पेशंट. पार्किन्सन्स यूके १९६९ पासून आहे, ती सेवा पण देते आणि रिसर्चला पैसे पण देते.

मग ठरवा कशावर: कारण, निदान की उपचार

इथे थोडा वेळ द्या, घाई करू नका, कारण आम्ही सुरुवातीला सरळ "औषध शोधायला देऊ" असं म्हणून मोकळे झालो होतो आणि नंतर माझं मत बरंच बदललं.

कारणांचा शोध हा सगळ्यात लांब पल्ल्याचा. जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये या आजाराचं पहिलं नीट वर्णन लिहिलं, आणि दोनशे वर्षं उलटून गेली तरी बहुतेक पेशंटच्या बाबतीत "यांनाच का झाला" याचं सरळ उत्तर डॉक्टर देऊ शकत नाहीत. पण जे धागे हाताला लागलेत ते जबरदस्त आहेत. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण मुलं अचानक दगडासारखी ताठ होऊन हॉस्पिटलमध्ये आली, हलता येईना बोलता येईना, म्हाताऱ्या पार्किन्सन्स पेशंटसारखी. विल्यम लँग्स्टन नावाच्या डॉक्टरने माग काढला तर निघालं की कोणीतरी घरच्या घरी बनवलेल्या नशेच्या मालात एमपीटीपी नावाचं रसायन चुकून तयार झालं होतं आणि ते नेमक्या त्याच पेशी मारत होतं, मेंदूच्या सबस्टॅन्शिया नायग्रा भागातल्या, हालचालीसाठी लागणारं डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या. म्हणजे बाहेरून आलेलं एखादं रसायनसुद्धा हे करू शकतं हे पहिल्यांदा एवढं स्पष्ट दिसलं. त्यानंतर पॅराक्वाट आणि रोटेनोनसारखी शेतीतली विषं आणि ट्रायक्लोरोइथिलीन नावाचं सफाईचं सॉल्व्हंट यांच्याकडे लोक गंभीरपणे बघायला लागले. दुसरा धागा जीन्सचा, १९९७ मध्ये अल्फा-सिन्युक्लीन नावाच्या प्रथिनाच्या जीनमधला बदल सापडला, २००४ मध्ये एलआरआरके-टू नावाच्या जीनमधला, मग जीबीए नावाच्या जीनमधला. यातला बराच अभ्यास युरोपियन वंशाच्या लोकांवर झालेला, आणि जीपी-टू नावाच्या जागतिक प्रकल्पाने आफ्रिकन वंशाच्या लोकांकडे बघितलं तर २०२३ मध्ये जीबीएतलाच एक वेगळा बदल निघाला जो आधी कोणाला दिसलाच नव्हता. म्हणून तुम्ही कारणांसाठी देणार असाल तर आजवर ज्यांचे नमुने घेतलेच गेले नाहीत अशा लोकांपर्यंत जाणारे प्रकल्प बघा.

उपचाराचं आकर्षण सगळ्यांना असतं, आणि का नसावं, घरातला माणूस खुर्चीतून उठताना अडकलेला रोज बघितल्यावर दुसरं काय सुचणार. पण इथला खर्च प्रचंड आणि अपयश जास्त. क्रिएटिन या पूरकाची मोठी ट्रायल, म्हणजे पेशंटवर चाचणी, झाली, १७४१ लोक, पाच-पाच वर्षांचा हिशोब, फायदा दिसला नाही. कोएन्झाइम क्यू-टेन या दुसऱ्या पूरकाची ६०० लोकांवर झाली, तेच. एक्झेनाटाइड हे डायबेटिसचं औषध, २०१७ मध्ये ६२ लोकांच्या अभ्यासात आशा दिसली, सगळीकडे बातम्या आल्या, आणि मग १९४ लोकांवर ९६ आठवड्यांची मोठी ट्रायल झाली तिचा निकाल २०२५ मध्ये आला की पेशंटमध्ये फरक पडला नाही. अशा निकालाला लोक पैसे वाया गेले म्हणतात, मला ते पटत नाही. ती ट्रायल झाली नसती तर हजारो पेशंट आज ते इंजेक्शन आशेने घेत बसले असते.

आता ज्याच्याबद्दल मला खरं बोलायचंय ते निदान. सहीवरून आम्हाला कळायला पाहिजे होतं असं मला कितीतरी दिवस वाटायचं, पण खरं तर हात थरथरायला लागेपर्यंत डोपामिनच्या पेशींचा मोठा हिस्सा आधीच गेलेला असतो. वास जाणं, झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणं, बद्धकोष्ठ, हे कधीकधी दहा-दहा वर्षं आधी सुरू होतं. आणि कालपरवापर्यंत या आजाराला टेस्ट अशी नव्हतीच, डॉक्टर चालायला लावणार, बोटं आपटायला लावणार, मनगट फिरवून बघणार आणि अनुभवावर सांगणार. ट्रायलमध्येसुद्धा तसंच, माणूस बरा आहे की बिघडतोय हे डोळ्यांनी बघून मार्क द्यायचे. पेशंटचा एक दिवस चांगला जातो एक वाईट, दुपारची गोळी उतरली की तोच माणूस वेगळा दिसतो, मग औषधाने पडलेला फरक या सगळ्या चढउतारात दिसणार कसा. त्यासाठी शेकडो लोक आणि दोन-दोन वर्षं लागतात आणि म्हणून ट्रायल एवढी महाग पडते. कोणाला आजार आहे आणि तो किती वेगाने पुढे सरकतोय हे मोजता आलं की पुढची प्रत्येक औषधाची ट्रायल छोटी, लवकर आणि स्वस्त होईल. त्यामुळे पैसे कमी असतील तर निदानाला द्या असं मी कोणालाही सांगेन, कारण ते पैसे उपचारालाच पोचतात फक्त एका वळणाने.

याचं उदाहरण समोर आहे. फॉक्स फाउंडेशनने २०१० मध्ये पीपीएमआय नावाचा अभ्यास सुरू केला, लोकांना वर्षानुवर्षं बोलवायचं, रक्त घ्यायचं, मणक्यातलं पाणी घ्यायचं, स्कॅन करायचे, आणि सगळा डेटा जगातल्या संशोधकांसाठी खुला ठेवायचा. त्यातून तेरा वर्षांनी, २०२३ मध्ये, ११२३ लोकांच्या नमुन्यांवर केलेल्या टेस्टचा निकाल आला. टेस्टची कल्पना किती सुंदर आहे बघा: या आजारात अल्फा-सिन्युक्लीन नावाचं प्रथिन चुकीचं दुमडतं आणि शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही तसंच दुमडायला लावतं. मग करायचं काय, माणसाच्या मणक्यातल्या पाण्याचा थेंब घ्यायचा, त्यात चांगलं प्रथिन आणि चमकणारा रंग घालायचा आणि हलवत ठेवायचं. चुकीचं दुमडलेलं प्रथिन, म्हणजे वाईट बी, असेल तर गुठळ्या वाढत जातात आणि रंग चमकायला लागतो, नसेल तर काही होत नाही. साधारण ८८ टक्के पेशंटमध्ये ती चमक दिसली. पण अजून तिला आजार किती आहे हे नीट मोजता येत नाही, मुख्यतः आहे की नाही एवढंच सांगते, आणि मणक्यात सुई घालावी लागते. त्वचेच्या तुकड्यावरून, रक्तावरून, अगदी अंगाच्या तेलकटपणाच्या वासावरून निदान करायचे प्रयत्न चालू आहेत. ही वासाची गोष्ट जॉय मिल्न या स्कॉटिश नर्सबाईंमुळे कळली, त्यांना नवऱ्याच्या अंगाचा वास बदलल्याचं निदानाच्या कितीतरी वर्षं आधी जाणवलं होतं.

कंपन्या जिथे जाणार नाहीत तिथे द्या

औषध कंपनीचं गणित आपण समजून घ्यायला पाहिजे, त्यात राग धरण्यासारखं काही नाही. पेटंट संपलेल्या औषधावर कंपनी मोठी ट्रायल करणार नाही कारण पैसे परत येणार नाहीत. अँब्रोक्सॉल हे खोकल्याचं जुनं औषध, जीबीए जीनमुळे पेशीतली सफाई जिथे बिघडते तिथे ते मदत करेल का हे ब्रिटनमध्ये मोठ्या ट्रायलमध्ये बघतायत, आणि अशा कामाला धर्मादाय पैसाच लागतो. तसंच दुसऱ्याने केलेला प्रयोग परत करून बघणं, नमुन्यांची बँक चालवणं, मेंदूदानाची व्यवस्था, हे कोणाला आकर्षक वाटत नाही आणि तिथेच तुमची रक्कम सगळ्यात जास्त काम करते.

अजून एक, नवीन कल्पनेचा पहिला टप्पा. सरकारी ग्रँट मागायला गेलं की ते विचारतात तुमच्याकडे सुरुवातीचा पुरावा काय आहे, आणि पुरावा गोळा करायला आधी पैसे लागतात. ही जी मधली दरी आहे तिथे छोटी ग्रँट मिळाली तर एखादा तरुण संशोधक एका वर्षात एवढं दाखवू शकतो की पुढची मोठी ग्रँट सरकारकडून येते. म्हणून संस्थेकडे अशी छोटी सुरुवातीची ग्रँट किंवा तरुण संशोधकांसाठी फेलोशिप आहे का ते विचारा.

आणि मूलभूत संशोधनाला कमी लेखू नका. अर्विद कार्लसन नावाचे स्वीडिश शास्त्रज्ञ १९५७ मध्ये सशांवर काम करत होते, डोपामिन मेंदूत काय करतं एवढाच त्यांचा प्रश्न. रेसर्पीन नावाचं औषध दिल्याने निपचित पडलेले ससे एल-डोपा, म्हणजे ज्याचं मेंदूत डोपामिन बनतं ते, दिल्यावर उठून फिरायला लागले. तीन वर्षांत होर्निकीविच यांनी दाखवलं की पार्किन्सन्सच्या पेशंटच्या मेंदूत डोपामिन कमी असतं, आणि १९६७ मध्ये कोट्झियास यांनी एल-डोपाच्या मोठ्या डोसने पेशंट चालवून दाखवले. बाबांची गोळी, जी आम्ही घड्याळ लावून द्यायचो, ती त्या सशांपासून आलेली.

संस्था तपासताना काय विचारायचं

आधी संस्थेचा वार्षिक अहवाल आणि ऑडिट झालेले हिशोब उघडा. साइटवर सापडत नसतील तर मागा, द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. त्यानंतर मी एक मेल पाठवायचो, तो जवळपास असाच:

"आम्हाला वडिलांच्या स्मरणार्थ पार्किन्सन्सच्या संशोधनासाठी देणगी द्यायची आहे. प्रकल्प कोण निवडतं, आणि निवडणाऱ्यांमध्ये बाहेरचे शास्त्रज्ञ आणि पेशंट असतात का? तुमच्या पैशाने झालेले अभ्यास, फायदा न दिसलेलेसुद्धा, प्रसिद्ध होतात का? डेटा आणि नमुने इतर संशोधकांना मिळतात का? मागच्या तीन वर्षांत कोणत्या प्रकल्पांना किती दिले याची यादी मिळेल का?"

उत्तर किती दिवसांत येतं यापेक्षा कसं येतं ते बघा. एका ठिकाणाहून फक्त पेशंटच्या फोटोंचं चकचकीत ब्रोशर आलं, प्रश्नाचं उत्तर एकही नाही. दुसऱ्या ठिकाणाहून साधं चार ओळींचं उत्तर आणि सोबत ग्रँटची पूर्ण यादी, त्यात बंद पडलेला एक प्रकल्पही होता आणि तो का बंद पडला ते लिहिलेलं. आम्ही दुसरीकडे दिले.

ऑफिस खर्च किती टक्के आहे यावरून लोक फार अडतात, मी पण अडायचो. पण नमुने उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवावे लागतात, त्याला वीज लागते, रात्री अलार्म वाजला तर धावणारा माणूस लागतो, आणि एकदा ते वितळले की पंधरा वर्षं येणाऱ्या माणसांनी दिलेलं सगळं गेलं. हा खर्च पण रिसर्चच आहे. शून्य खर्च दाखवणाऱ्यापेक्षा खर्च कशावर होतो ते नीट सांगणारा बरा.

इथे पाकीट बंद ठेवा

आमची चूक होता होता राहिली ती इथे. बाबा असताना एका क्लिनिकने स्टेम सेलची "ट्रायल" आहे म्हणून सांगितलं, सहभागी व्हायचं तर आधी भली मोठी रक्कम भरायची, आणि तीन महिन्यांत फरकाची खात्री. आईने दागिने काढून ठेवले होते. ट्रायलचा नोंदणी क्रमांक मागितला तर विषय बदलला, तेव्हा बहिणीला संशय आला. खऱ्या ट्रायलमध्ये प्रयोगाच्या उपचारासाठी पेशंटकडून सहसा पैसे घेत नाहीत, खात्री तर कोणीच देत नाही, आणि ट्रायल सार्वजनिक रजिस्टरमध्ये नोंदलेली असते, क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह किंवा जागतिक आरोग्य संघटनेचं शोधपान, तिथे जाऊन नाव आणि क्रमांक ताडून बघा. स्टेम सेलचं खरं काम चाललंय हे मात्र विसरू नका. २०२५ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या अशा दोन अभ्यासांचे निकाल आले, एकात डझनभर लोक तर दुसऱ्यात त्याहूनही कमी, आणि उपचार सुरक्षित आहे का हेच मुख्यतः त्यांत तपासलं होतं. एवढे जपून पावलं टाकतात ते खरे.

वैयक्तिक ऑनलाइन वर्गणीत "संशोधन" लिहिलेलं असेल तर पैसे कोणत्या संस्थेच्या खात्यात जाणार ते लिहून घ्या.

प्रत्यक्ष देताना

एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा तीन वर्षं थोडी थोडी दिलेली संस्थेला जास्त उपयोगी पडते, कारण माणूस नेमायचा तर पुढच्या वर्षीचा पगार कुठून येणार हे आधी माहीत लागतं. महिन्याची छोटी रक्कम ऑटोमॅटिक कापून जाऊ द्या. नोकरीच्या ठिकाणी कंपनी तेवढीच रक्कम घालते का विचारा, बरेच जण विचारतच नाहीत. पावती आणि करसवलत तुमच्या देशाच्या नियमाप्रमाणे मिळते आणि परदेशातल्या संस्थेला पैसे पाठवायचे तर वेगळे नियम लागतात, ते सीएला किंवा कर सल्लागाराला विचारून मगच पाठवा.

अट फार घट्ट घालू नका. आम्ही आधी लिहिलं होतं की "फक्त थरथर थांबवणाऱ्या औषधासाठी", संस्थेतल्या बाईंनी फोन करून सांगितलं की असा प्रकल्प या वर्षी नसेल तर पैसे नुसते पडून राहतील, तुम्ही "निदान आणि मोजमाप" असं लिहा. तसंच लिहिलं. स्वतःचं फाउंडेशन काढायचा विचार असेल तर, रक्कम खरंच खूप मोठी नसेल तर, काढू नका, प्रकल्प पारखणारे शास्त्रज्ञ जमवायलाच वर्षं जातात, चालू असलेल्या संस्थेत वडिलांच्या नावाने फंड ठेवता येतो.

पैसे नसतील तर वेळ आणि शरीर द्या, तेही तितकंच लागतं. ट्रायलला माणसं वेळेवर न मिळाल्यामुळे अभ्यास लांबतात आणि खर्च वाढतो. पेशंट तर हवेतच, पण तुलनेसाठी आजार नसलेले लोकही हवे असतात, त्यामुळे नवरा, बायको, शेजारी सगळे चालतात. मेंदूदानाचंही तसंच, निरोगी मेंदूही लागतात, फक्त नोंदणी जिवंतपणी करायची आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवायचं, कारण नंतर हातात फार थोडे तास असतात. आम्हाला हे बाबा गेल्यावर कळलं. आईने आणि मी आता नाव नोंदवलंय.

दिल्यानंतर कॅलेंडरमध्ये एक वर्षानंतरची तारीख टाकून ठेवा आणि त्या दिवशी मेल करा: आमची रक्कम कोणत्या प्रकल्पात गेली, किती नमुने झाले, काही छापून आलं का, काय अडलं. आमच्या पहिल्या वर्षीच्या उत्तरात लिहिलं होतं की नमुने ठरवल्यापेक्षा कमी जमले कारण मणक्यात सुई घ्यायला लोक घाबरतात, म्हणून आता त्वचेचा नमुनाही सोबत घेणार आहेत. बहिणीने ते वाचून लगेच विचारलं की तुलनेसाठी माझी त्वचा चालेल का.